मधला खांब कुणी काढला?

१

लातुरात औसा रोडला पाथरवटाच्या शेडपाशी रिक्षा थांबली, तेव्हा रूथबाईंचा बेत साधा होता. भावाच्या स्मृतिशिळेवर नजर टाकायची, डोळे पुसायचे आणि घरी जाऊन चहा घ्यायचा. शिळा काळ्या दगडाची होती आणि तिच्यावर खडूनं मजकूर आखलेला होता. सख्ख्या बहिणीचा होकार आल्याशिवाय छिन्नी लावायची नाही, असं पाथरवटाला बजावलेलं होतं.

बाईंनी चष्मा चढवला.

'पाळक शांतवन यांच्या स्मरणार्थ. तीस सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात, मिस्त्री नजीर याने तळणीवाडीच्या प्रार्थनामंदिराचा मध्यवर्ती आधारस्तंभ उन्हाळी दुरुस्तीत काढून टाकल्यामुळे छत कोसळून ते प्रभूत निजले. प्रत्यक्षदर्शींच्या साक्षीवरून.'

"वाचलं का, बाई?" मागून रिक्षावाल्यानं विचारलं.

"वाचलं."

"त्यो नजीर मिस्त्री मीच हाय."

रूथबाईंनी वळून बघितलं. गेली दहा वर्षं त्या या नावाच्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होत्या. पाळकाच्या बहिणीनं शिव्या देऊ नयेत म्हणून आवाज न करता, पण देत होत्या. मनातला नजीर आडदांड होता, मिशाळ होता. हा समोरचा वाळकुडा माणूस महिनाभर त्यांना दवाखान्यात नेत-आणत होता, आणि सुट्टे नसले की म्हणायचा, राहू द्या, उद्या द्या.

"खांब म्या काढला न्हाई," नजीर म्हणाला. "माळवदाची गळती काढली, गिलावा केला अन् बकरी ईदला घरी गेलो. खांब तवा जागच्या जागी हुता. कसम खाऊन सांगतो."

"मग दहा वर्षं गप्प का बसलात?"

"गप कुठं बसलो? ऐकून कोण घेतंय? मरणारे पाळकसाहेब, सांगणारे मोठे लोक. माझं जाऊ द्या, मी थापी ठेवून रिक्षा धरली. पर माझ्या पोरानं, यासेरनं, आता थापी हातात घेतलीय. या दगडावर माझं नाव बसलं की त्याला भिंत बांधायला कोण बोलावल? कागद फाटतो, बाई. दगड फाटत न्हाई."

पाथरवट छिन्नी हातात घेऊन बाईंच्या तोंडाकडं बघत उभा होता. दहाव्या वर्षाची स्मरणाची उपासना आठवड्यावर आली होती.

"थांबा," रूथबाई म्हणाल्या. "अजून हात लावू नका."

२

रूथबाईंनी तीस वर्षं एकाच विषयावर पोरांची झोप उडवली होती. पाळक व्हायला सेमिनरीत आलेली खेड्यापाड्यातली पोरं पहिल्या तासाला हात जोडून बसायची आणि बाई विचारायच्या, "बायबलातली चार शुभवर्तमानं कुणी लिहिली?" पोरं एका सुरात सांगायची, मत्तय, मार्क, लूक, योहान. "आत कुठं लिहिलंय तसं? ती नावं वर मागाहून बसली. आतला लेखक आपलं नाव सांगतच नाही." एखादा पोरगा रडकुंडीला यायचा. त्याला बाई चहा पाजायच्या आणि समजावायच्या की नाव नाही म्हणून लिहिणारा खोटा होत नाही. ऐकलेलं जपून पुढं देणाऱ्याला स्वतःचं नाव मिरवायची गरज वाटली नाही, इतकंच.

पुढचा तास त्यांचा लाडका. तीन पुस्तकं एकच गोष्ट जवळजवळ त्याच शब्दांत सांगतात, तर कुणी कुणाचं समोर ठेवून लिहिलं? इथं बाई उदाहरणाला गालीलच्या हेरोदाला बोलवायच्या. मार्क त्याला सरळ राजा म्हणून मोकळा होतो. मत्तय काटेकोर. तो आधी दुरुस्ती करतो, राजा नव्हे, मांडलिक. पण गोष्ट रंगात आली की त्याच्याही तोंडून 'राजा' निसटतो.

"दुसऱ्याची गोष्ट बदलून सांगणारा शेवटपर्यंत जागा राहत नाही," बाई म्हणायच्या. "मध्येच पेंगतो, आणि मूळची गोष्ट डोकं वर काढते."

हे सगळं मेलेल्या माणसांच्या बाबतीत फार सोपं होतं. जिवंत माणसांवर ही विद्या चालवायची वेळ येईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. भूकंपाच्या वेळी त्या दूरच्या सेमिनरीत होत्या, आणि निवृत्त होऊन लातुरात आल्याला वर्षही झालं नव्हतं. तळणीवाडीची एकही स्मरणसभा त्यांनी ऐकलेली नव्हती. प्रत्यक्षदर्शी तिघे होते. प्रार्थनामंदिर झाडणारी गंगम्मा, शेजारचे शेतकरी शेषेराव, आणि तेव्हा पाळकाच्या घरी राहून गावच्या पोरांना प्रार्थनामंदिरात गणित शिकवणारे बसवराजसर. नजीर खरं बोलत असेल तर या तिघांत कुणीतरी शांतवनच्या मरणावर खोटं बोललं होतं. आणि तिघांच्याही पंगतीला शांतवन जेवला होता.

गंगम्मा आता देगलूरला भाच्याकडं राहत होती. बाईंनी सकाळची एसटी धरली.

"सलाम, अक्का," म्हणून म्हातारीनं त्यांना खाटेवर बसवलं. भूकंपाचं नाव काढताच तिनं पदर तोंडाला लावला. "काय सांगू? जमीन अशी घुमली, अक्का, जात्यावाणी. माझी झोपडी हलकी, म्हणून मी वाचले. पळत गेले तर प्रार्थनामंदिर भुईला मिळालेलं. साहेबांचा हात तेवढा दिसत हुता." ती थोडा वेळ रडली. मग डोळे पुसून ताठ बसली आणि एका दमात म्हणाली, "उन्हाळी दुरुस्तीत मध्यवर्ती आधारस्तंभ काढण्यात आलेला असल्यामुळे छत कोसळले."

जन्मात शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या तोंडी हे शब्द दुसऱ्याच्या चपलांसारखे दिसत होते.

"गंगम्मा, हे तू कुठं ऐकलंस?"

"सगळेच म्हणतात की. दर साली सभेत म्हणतात. मी पण म्हणते."

"बरं. त्या आधीच्या रविवारी उपासना झाली होती?"

"झाली तर! प्रवचन लई लांबलं. मी आपली खांबाला पाठ लावून डुलकी घेतली. साहेब वरनं म्हणाले, गंगम्मा, खांबाला तरी ऐकू दे." म्हातारी हसली. "ते शेवटचं त्यांचं हसणं. बेस्तवारी तर सगळं गेलं."

"कुठल्या खांबाला?"

"मधल्या." आणि तिचं हसू तिथंच थिजलं. "अय्यो. अक्का, मी काय बोलले?"

"खांब रविवारी होता, गंगम्मा."

"मी घाबरले हुते, अक्का. मोठी माणसं सांगतात ते खरं म्हणायचं. मी कुणाला काही बोलले न्हाई." तिनं बाईंचा हात घट्ट धरला. "तुम्ही पण बोलू नका."

परतीच्या एसटीत रूथबाईंना वर्गात शिकवलेला एक शेवट आठवला. सगळ्यांत जुन्या शुभवर्तमानाच्या सगळ्यांत जुन्या प्रती अशाच संपतात. येशूची रिकामी कबर बघून बायका भितात, आणि कुणाला काही सांगत नाहीत.

३

तळणीवाडीचं नवं गाव सरळ रेघा मारल्यासारखं वसवलेलं होतं. शेषेरावांचं घर त्यात पहिल्या ओळीत. ओट्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत त्यांनी बाईंचं स्वागत केलं. त्यांचा सत्यम डॉक्टर झाला होता, आणि ही बातमी ते पाण्याच्या तांब्याबरोबरच देत.

"पाळक म्हंजे देवमाणूस," ते म्हणाले. "त्या मिस्त्रीनं घात केला बघा. उन्हाळ्यातच मध्यवर्ती आधारस्तंभ काढण्यात आला हुता."

पुन्हा तेच शब्द. बाईंनी चेहरा हलू दिला नाही. तीस वर्षांच्या परीक्षांमध्ये एवढं तरी त्या शिकल्या होत्या.

"सत्यम तिथंच शिकवणीला जायचा ना?"

"हाव! पहिलाच पोरगा तो सरांचा. लई किरकिर करायचा तवा. बाबा, मला खांबाआड बसवतेत, फळा दिसत न्हाई. गणपतीची सुट्टी लागस्तोवर रोज हेच. म्या सरांला सांगितलंबी, माझ्या पोराला पुढं बसवा म्हणून."

अडकित्ता वाजायचा थांबला. आपण काय बोललो ते शेषेरावांच्या कानांनी जरा उशिरा ऐकलं.

"मग ते आदल्या सालचं आसल," ते घाईघाईनं म्हणाले.

"आदल्या साली शिकवणी होती का?"

"न्हाई. सर आलेच त्या जूनला." त्यांनी सुपारी ताटलीत टाकली. "बाई, तुम्ही पाणी घ्या. उकडून राहिलंय."

रूथबाई हात धुवायच्या निमित्तानं मागल्या दारी गेल्या. तिथं गोठा होता. गोठ्याचं छप्पर एका जुन्या सागवानी खांबावर तोललेलं होतं आणि खांबाला डोक्याच्या उंचीवर कंदिलाची खुंटी होती. खुंटीखाली चाकूनं कोरलेला छोटा क्रूस होता. तो शांतवननं मंदिर ताब्यात घेतलं त्या दिवशी कोरलेला. बहीण शेजारी उभी राहून त्याला म्हणाली होती, वाकडा झालाय.

अजूनही वाकडाच होता. खांबाला मात्र कुठं ओरखडा नव्हता, दगडाचा मार नव्हता. ढिगाऱ्यातून निघालेलं लाकूड असं नसतं. हा खांब छत कोसळण्याआधीच, धड, उभ्याचा आडवा करून कुणीतरी बाहेर काढून ठेवला होता.

"हा तुमच्याकडं कसा?"

मागून आलेल्या शेषेरावांना बाईंनी विचारलं.

४

"म्या चोरला न्हाई," शेषेराव म्हणाले. "पडून हुता, मागितला, दिला. कुणी दिला ते इचारू नका. माझ्या लेकराची शपथ हाय माझ्यावर."

बाई तिथून निघाल्या. नजीर रिक्षा घेऊन गावाबाहेर थांबला होता, कारण गावात यायची त्याची छाती नव्हती. औश्याच्या स्टँडसमोर रूथबाईंनी रिक्षा बाजूला घ्यायला लावली आणि दोन चहा मागवले.

"शेषेरावानं खांब नेला?" नजीरनं विचारलं.

"नेला. पण काढला नाही."

"हे कसं म्हणता?"

"काढला असता तर गोठ्यात उजळ माथ्यानं उभा केला नसता, चिरफाळून जाळला असता. आणि गोष्ट त्यांची नाही, नजीरभाई. गंगम्मा आणि शेषेराव, दोघांच्या तोंडी एकच वाक्य, आणि ते दोघांच्याही घरचं नाही. कुणीतरी पढवलेलं आहे. म्हणून दोघं मध्येच पेंगले. गंगम्मा खांबाला टेकून बसली, शेषेरावांचा पोरगा खांबाआड बसला. उन्हाळ्यात गेलेला खांब गणपतीत परत उभा राहिला."

"मग गोष्ट कुणाची?"

"जो पेंगणार नाही त्याची. आणि ज्याला तो खांब नको होता त्याची."

नजीरनं चहाचा कप खाली ठेवला. रोज सकाळी तो रिक्षाभर पोरं बसवराजसरांच्या क्लासच्या ज्या दारात सोडत होता, ते दार त्याच्या डोळ्यांपुढं आलं असावं. "या अल्ला," तो म्हणाला.

रूथबाईंच्या मनात वेगळाच हिशोब चालला होता. आपण चुकलो असलो तर एका भल्या माणसाला धुळीत मिळवू, आणि बरोबर असलो तरी तेच करू. मांडलिक हेरोदाचं असं काही नव्हतं. तो निदान मेलेला तरी होता.

५

बसवराजसरांच्या क्लासेसची इमारत चार मजल्यांची होती. अख्ख्या मराठवाड्यातनं आईबाप पोरांच्या वळकट्या घेऊन तिथं रांगा लावत. कचेरीच्या काचेतून खालचा वर्ग दिसत होता. शेकडो पोरं माना खाली घालून लिहीत होती, आणि एवढ्या मोठ्या दालनात मधे एकही खांब नव्हता.

सर बाईंच्या पाया पडले. "शिळेचा मजकूर पसंत पडला ना?"

"तुम्हीच लिहिलात?"

"सगळ्यांच्या साक्षीवरून," सर नम्रपणे म्हणाले.

"मग ती साक्ष तुमच्या तोंडून ऐकवा."

सरांनी ऐकवली. काळरात्र, घुमणारी जमीन, धुळीचा लोट, उन्हाळी दुरुस्ती, मध्यवर्ती आधारस्तंभ. बाई म्हणाल्या, शेवटाकडून सांगा. सरांनी शेवटाकडून सांगितली. मधूनच विचारलं, मधूनच सांगितली. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही.

"सर, ज्यानं खरंच बघितलं तो अडखळतो," रूथबाई म्हणाल्या. त्यांचा स्वतःचाच आवाज अडखळत होता. "तो म्हणतो, थांबा, आधी हे झालं, मग ते झालं. तुम्ही अडखळत नाही, कारण तुम्ही आठवत नाही आहात, म्हणून दाखवताय. रविवारी गंगम्मा त्या खांबाला टेकून बसली होती. तो खांब मी शेषेरावांच्या गोठ्यात बघून आले. त्याच्यामुळं मागच्या पोरांना फळा दिसत नव्हता."

सरांनी काचेतून खाली बघितलं. बोलले तेव्हा त्यांची भाषा उदगीरकडची झाली होती.

"गणपतीची सुट्टी हुती, बाई. पोरं यायच्या आत उरकायचं ठरलं. सुतार लावून काढला. वर बल्लीचा टेकू दिला. औश्याहून लोखंडी गर्डर यायचा हुता, विसर्जनाच्या गर्दीत गाडी मिळाली न्हाई. एका रात्रीचा सवाल हुता." त्यांनी चष्मा काढला. "टेकूपाशी मी झोपायचं हुतं. पाळकसाहेब म्हणाले, तू पोरांसंगं विसर्जनाला जा, मी पडतो इथं."

"आणि नजीर?"

"मदतीची माणसं आली. इचारू लागली, मधला खांब कुठं गेला? माझ्या तोंडून निघून गेलं, मिस्त्रीनं उन्हाळ्यात काढला. तो गावात नव्हता. एकदा बोललो, मग दर साली बोलावं लागलं. दर साली जरा नीट बोललो." त्यांनी हात जोडले. "शिळेवरनं त्याचं नाव काढतो. आजच सांगतो. पण माझं नाव घेऊ नका. खाली बघा, किती पोरं आहेत."

रूथबाई क्षणभर डळमळल्या. खरंच, खाली बघितलं तर कुणीही डळमळलं असतं.

"शिळेवरचं पुसाल," त्या म्हणाल्या. "लोकांच्या तोंडातलं कोण पुसणार?"

"मग सगळं सांगा," सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज धारदार झाला. "खांब काढायला होकार कुणी दिला, तेही सांगा. मी धजावत नव्हतो. पाळकसाहेबच म्हणाले, पोरांना फळा दिसला पाहिजे, काढून टाक. सांगाल हे? भावाच्या शिळेपुढं उभं राहून?"

६

त्या रात्री रूथबाई प्रार्थनेला बसल्या. वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी क्लासची पोरं मोठमोठ्यानं पाठ करत होती. शांतवनला त्यांनी कडेवर वागवला होता. त्याच्या मरणाची सगळी शोभा दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीवर उभी होती, आणि आता ती चूक उचलून त्याच्या हातात ठेवायची होती. न बोलणं किती सोपं होतं! शिळेवर नाव आणि तारीख कोरायची, खाली एक वचन, आणि चहा. नजीर बिचारा तेवढ्यावरही दुवा देत गेला असता. हे मनात आलं आणि बाईंना स्वतःचीच शरम वाटली.

उपासनेच्या दिवशी नव्या गावचं चर्च गच्च भरलं. शिळेवर पांढरं कापड होतं. खाली नाव आणि तारीख एवढंच कोरलेलं, हे जमलेल्यांत फक्त बाईंना ठाऊक होतं. शेषेराव पुढच्या बाकावर होते. भाच्याचा हात धरून गंगम्माही देगलूरहून आली होती. नजीर फाटकाबाहेर रिक्षात बसून होता. बाईंनीच त्याला थांबवलं होतं.

साक्षीची वेळ आली. दरवर्षीप्रमाणे सर उठायला लागले, पण त्यांच्या आधी रूथबाई उभ्या राहिल्या.

"माझा भाऊ कसा मेला ते मी सांगते," त्या म्हणाल्या. "मी तिथं नव्हते. ज्यांच्याकडून ऐकलं त्यांची नावं घेऊन सांगते, म्हणजे चुकलं तर त्यांनी मला अडवावं."

मग त्यांनी सांगितलं. रविवारी खांब होता. त्यानंतर सुट्टीत तो बसवराजसरांनी काढला. काढायला माझ्या भावानं होकार दिला. दोघांनी तो पोरांसाठी काढला, त्यात कुणाचा लोभ नव्हता. टेकू कच्चा आहे हे शांतवनला माहीत होतं, म्हणूनच तो दुसऱ्याला पाठवून स्वतः तिथं झोपला. "तो चुकला," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. रडत रडतच त्या पुढं बोलल्या. "खांब असता तर तो वाचला असता का, हे देवाला ठाऊक. त्या रात्री खांब असलेली घरंही पडली. पण नजीर मिस्त्रीनं त्या खांबाला हात लावला नव्हता. दहा वर्षं आपण या देवाच्या घरात एका माणसाविरुद्ध खोटी साक्ष दिली."

मग मागून म्हातारा आवाज आला. "हाव. मी टेकून बसले हुते." गंगम्मा भाच्याचा हात सोडून उभी राहिली होती.

शेषेराव उठले. "खांब माझ्या गोठ्यात हाय," ते म्हणाले. "कुणीबी येऊन बघा."

सगळ्यांच्या माना सरांकडं वळल्या. सर उठले. त्यांनी तोंड उघडलं, आणि हजारो पोरांना शिकवलेल्या त्या माणसाला शब्द सापडेना. "खरं हाय," एवढंच ते म्हणाले आणि मटकन खाली बसले.

शिळेवरचं कापड काढायचं कुणाला सुचलं नाही. शेषेराव चपला न घालताच फाटकाबाहेर गेले, त्यांच्या मागं अर्धी मंडळी, आणि सगळ्यांत मागं डोळे पुसत रूथबाई. नजीर रिक्षातून उतरून उभा राहिला. एवढी माणसं आपल्याकडं येताना बघून तो आधी दोन पावलं मागंच सरला.

"मिस्त्री," शेषेराव म्हणाले, "लई चुकलं माझं. गोठा पाडून नवा बांधायचाय. तुमच्याच हातनं. याल का?"

नजीरनं स्वतःच्या हातांकडं बघितलं.

"भूकंपानंतर समदा जिल्हा बांधून राहिला हुता, मालक," तो म्हणाला. "कुठकुठून मिस्त्री आले. ज्याला ओळंबा धरता येत नव्हता त्यालाबी काम हुतं. मला यका माणसानं हाक मारली न्हाई. आता हात गेला माझा."

नजीरनं मान वर केली.

"यासेरला बोलवा. पर बोलावताना गावात मोठ्यानं सांगा, नजीर मिस्त्रीचा पोरगा आलाय म्हणून."

शेषेराव तिथंच वळले, आणि चर्चच्या दाराकडं तोंड करून त्यांनी ते मोठ्यानं सांगितलं.